काळजाची सुरई

मराठी माणसाच्या छातीत नेमके काय आहे, हे केवळ भाषेवरून ठरवायचे म्हटले तर मोठीच पंचाईत होते. हृदय आहे, काळीज आहे, ऊर आहे, अंतःकरण आहे; आणि या सर्वांहून वेगळी अशी जीव नावाची एक वस्तू आहे, जी कधी मुठीत असते, कधी टांगणीला लागते आणि सारे सुरळीत झाले की भांड्यात पडते. त्यातही 'काळीज' हा शब्द भाषाशास्त्रज्ञ संस्कृत 'कालेय'पर्यंत नेऊन पोचवतात, आणि कालेय म्हणजे यकृत. मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर दुकानदार आजही यकृतच तोलून देतो. म्हणजे ज्या काळजाला घरे पडतात, जे काळीज तीळ तीळ तुटते, ते शरीरशास्त्राच्या दृष्टीने मुळात छातीत नव्हतेच. भाषेने ते बरगड्यांखालून उचलून वर आणून ठेवले, आणि आपण सर्वांनी ते तिथेच आहे असे धरून कविता लिहिल्या.

आम्ही दोघे, नवरा-बायको, नागपुरातील दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. दरवर्षी काव्यशास्त्राच्या तासाला शब्दशक्तींचे प्रकरण येते आणि दरवर्षी लक्षणा समजावून सांगताना अशाच वाक्प्रचारांचा आधार घ्यावा लागतो. मम्मटाने सांगितलेल्या तीन गोष्टी विद्यार्थी पाठ करतात : मुख्यार्थाला बाध यावा लागतो, नव्या अर्थाचा मुख्यार्थाशी काही संबंध असावा लागतो, आणि त्यामागे रूढी किंवा प्रयोजन असावे लागते. 'काळीज फाटले' या वाक्यात काळीज खरोखर फाटलेले नसते. तसे ते फाटते तर बोलणारा बोलायला उरला नसता. मुख्यार्थाला बाध आला, म्हणून लक्षणा. विद्यार्थी माना डोलावतात आणि आम्ही व्यंजनेकडे वळतो.

या लेखाचा विषय मात्र असा आहे की तिथे मुख्यार्थाला बाध येत नाही. वैद्यकीय व्यवहारात क्वचित भेटणारे हृदयाचे काही विकार आमच्या घरात, वर्गात आणि वाचनात गेल्या काही वर्षांत आले. आम्ही डॉक्टर नाही. त्यामुळे या विकारांविषयी जे लिहीत आहोत ते भाषेच्या बाजूने, आणि डॉक्टर मित्रांनी समजावून दिले तेवढ्याच आधारावर.

नागपूरच्या सरकारी रुग्णालयांना इथली माणसे नावाने ओळखत नाहीत. १९४७ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे 'मेडिकल', इंदिरा गांधी महाविद्यालयाचे रुग्णालय म्हणजे 'मेयो', आणि अतिविशेषोपचार रुग्णालय म्हणजे नुसते 'सुपर'. सकाळी मेडिकलच्या बाह्यरुग्ण विभागासमोरच्या रांगेत उभे राहिले तर भाषेच्या अभ्यासकाला एक आख्खे सर्वेक्षण ऐकायला मिळते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया येथून आलेली माणसे असतात, तशी छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचीही असतात. वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, हलबी आणि नागपुरी हिंदी यांची सरमिसळ चाललेली असते. 'जीव घाबरते', 'छातीत धकधक करते', 'डोयापुढं अंधारी येते', 'दम भरते', 'कसंतरीच वाटते'. यांतले एकही वाक्य वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात नसते. डॉक्टरला ते आपल्या परिभाषेत आणून बसवायचे असते, आणि तेही तीन-चार मिनिटांत. भाषांतराचा याहून अवघड तास आम्हांला ठाऊक नाही.

या वाक्यांकडे पाहताना आम्हांला नाट्यशास्त्र आठवते. भरताने आठ सात्त्विक भाव सांगितले : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. अंग ताठणे, घाम, काटा, आवाज फुटणे, कंप, चेहरा पांढराफटक पडणे, रडू आणि शुद्ध हरपणे. ही यादी आम्ही एकदा आमच्या एका डॉक्टर मित्राला वाचून दाखवली. तो म्हणाला, यातले निम्मे तर आम्ही हृदयविकाराच्या झटक्यात शोधतो. थंड घाम, फिकटपणा, थरकाप, भोवळ. भीतीने आणि शोकाने शरीरात जी रसायने उसळतात, तीच हृदयाच्या संकटातही उसळतात, म्हणून ही लक्षणे जुळतात, असे त्याचे स्पष्टीकरण होते. स्वरभंगाविषयी त्याने सांगितलेली गोष्ट तर आम्हांला पूर्ण नवी होती. १८९७ साली व्हिएन्नाच्या ऑर्टनर या वैद्याने असे रुग्ण नोंदवले की ज्यांचा आवाज घोगरा झाला होता, पण घशात काहीच बिघाड नव्हता. हृदयाची झडप अरुंद झाल्याने वरचा डावा कप्पा फुगला होता आणि स्वरयंत्राकडे जाणारी मज्जातंतूची दोरी त्या फुगवट्याजवळ दाबली गेली होती. ही दोरी डाव्या बाजूला घशातून थेट स्वरयंत्राकडे जात नाही. छातीत उतरून, हृदयापासून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालून पुन्हा वर चढते. 'कंठ दाटून येणे' हा वाक्प्रचार शिकवताना हा शरीररचनेचा तपशील विद्यार्थ्यांना सांगावा असे आम्हांला वाटते.

भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांत 'व्याधी'ही आहे, हेही इथे नोंदवून ठेवतो. आपल्या परंपरेने आजाराला भावांच्या यादीबाहेर ठेवलेले नाही.

आता घरातील प्रसंग. तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, आमच्या घरातील वडीलधारे गृहस्थ, म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे, वारले. आई अडुसष्ट वर्षांच्या. माहेर काटोलकडचे, बोली अस्सल वऱ्हाडी. चौथ्या दिवशी संध्याकाळी, घर नातेवाइकांनी भरलेले असताना, त्या म्हणाल्या, "काळजावर कोनी बसल्यावानी वाटते." भोवतालच्या बायकांनी डोळे पुसले. कोणी पाठीवरून हात फिरवला. त्या घरात त्या वेळी त्या वाक्याचा दुसरा अर्थ संभवत नव्हता. शेजारच्या निवृत्त परिचारिका भेटीला आल्या होत्या. सगळा मोहल्ला त्यांना अजूनही 'सिस्टर' म्हणतो. त्यांनी मात्र आईंना विचारले, "काकू, नेमकं कुठं? बोट लावून दाखवा." आईंनी बोट लावले नाही, छातीच्या मधोमध अख्खा तळवा दाबून धरला. सिस्टरनी कपाळाला हात लावून पाहिला. कूलर चालू होता आणि कपाळ ओले व गार होते. त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गाडी काढा."

रुग्णालयात ईसीजी पाहून डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असल्याचे सांगितले. रक्ताच्या तपासणीतही हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण होती. ताबडतोब अँजिओग्राफी झाली. आणि मग, रक्तवाहिनीत अडथळा कुठे आहे हे ऐकायला आम्ही दाराशी उभे असताना, तरुण डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले की अडथळा कुठेच नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या सर्व वाहिन्या मोकळ्या आहेत. बिघाड आहे तो हृदयाच्या आकारात. केस पेपरच्या मागे त्यांनी पेनाने चित्र काढले : वरती आखूड, अरुंद मान आणि खाली गोल फुगलेले पोट. ठोका पडताना हृदयाचा डावा खालचा कप्पा सर्व बाजूंनी आवळला जायला हवा. इथे मानेकडचा भाग जोराने आवळला जात होता आणि तळाचा भाग सुन्न होऊन फुगून राहिला होता. डॉक्टर म्हणाले, याला टाकोत्सुबो म्हणतात.

हा शब्द जपानी आहे. टाको म्हणजे आठ पायांचा समुद्री प्राणी, ऑक्टोपस, आणि त्सुबो म्हणजे मडके. जपानी कोळी ऑक्टोपस पकडण्यासाठी गोल बुडाची, अरुंद तोंडाची मडकी समुद्रात सोडतात. प्राणी आसरा म्हणून आत शिरतो आणि मडके वर ओढले जाते. हिरोशिमाचे हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली या विकाराचे वर्णन केले तेव्हा पडद्यावरची हृदयाची आकृती पाहून त्यांना ते मडके आठवले. जपानबाहेर त्याची व्यापक दखल घेतली जायला पुढची दहा-पंधरा वर्षे गेली. २००५ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी आकस्मिक मानसिक धक्क्यानंतर आलेल्या अशा रुग्णांविषयी लिहिले, आणि 'ब्रोकन हार्ट सिंड्रोम' हे नाव वृत्तपत्रांपर्यंत पोचले. आज असे मानतात की झटका म्हणून दाखल होणाऱ्या शंभर रुग्णांत एक-दोघांना प्रत्यक्षात हा विकार असतो. त्यांतील दहापैकी नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींचे वय पन्नाशीच्या पुढे असते. धक्क्याच्या क्षणी ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा जो लोंढा येतो, त्याने हृदयाचे टोक काही काळ निकामी होते. बहुतेक रुग्णांचे हृदय काही आठवड्यांत मूळ आकारावर येते. पण आजार किरकोळ नाही; पहिल्या दिवसांत त्यात माणसे दगावतातही, आणि अँजिओग्राफी केल्याशिवाय तो नेहमीच्या झटक्याहून वेगळा ओळखता येत नाही. छातीवर ओझे वाटते म्हणणाऱ्या माणसाला 'धक्क्यामुळे असेल' म्हणून घरी ठेवणे हा त्यामुळेच जिवावरचा खेळ ठरतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तेच चित्र आईंना दाखवले. ऑक्टोपस म्हणजे काय हे सांगण्यात त्यांचा बराच वेळ गेला. आईंनी चित्र हातात घेतले, चष्मा मागितला आणि म्हणाल्या, "मंग माह्या काळजाची सुरई झाली म्हना." मे महिन्यातील नागपुरात, जिथे पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, तिथे गोल पोटाची आणि अरुंद मानेची वस्तू म्हणजे घराच्या कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली सुरईच. डॉक्टर म्हणाले, "हो काकू, अगदी तशीच." मग त्यांनी विचारले, "हे ते गेल्यानं झालं का?" डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हो. त्यामुळंच झालं असावं." त्या काही बोलल्या नाहीत. सहा आठवड्यांनी इको केला तेव्हा हृदय पूर्ववत झाले होते. भेटायला येणाऱ्यांना त्या पुढे अनेक महिने सांगत, "डॉक्टरानं फोटोत पाहून सांगितलं." आपल्या दुःखाला साक्षीदार मिळाल्याचे समाधान त्या सांगण्यात होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसाराविषयी त्या पिढीतील बायका एरवी काही बोलत नाहीत.

साहित्याच्या माणसाला इथे थांबण्याचा मोह होतो. दुःखाने हृदय खरोखर मोडते, आमचे कवी खरे बोलत होते, विज्ञानाने शिक्कामोर्तब केले, असे म्हणून लेख संपवता आला असता. पण या विकाराविषयी जे माहीत झाले आहे ते इतके सोयीचे नाही. २००४ साली जपानच्या निइगाता भागात भूकंप झाला, त्यानंतर अशा रुग्णांची संख्या वाढलेली आढळली. तिथे प्रेम नव्हते, भीती होती. काही रुग्णांत कारण भांडण असते, काहींत दमा, पक्षाघात किंवा शस्त्रक्रिया असा शुद्ध शारीरिक आघात असतो, आणि बऱ्याच जणांत कोणतेच कारण सापडत नाही. २०१६ साली झुरिचच्या संशोधकांनी असेही रुग्ण दाखवले की ज्यांच्या हृदयाचे मडके आनंदाच्या प्रसंगाने झाले होते : वाढदिवस, लग्न, नातवंडाचा जन्म. हृदयाच्या स्नायूला शोक आणि हर्ष यांतला भेद कळत नाही. त्याला केवळ लोंढा कळतो. 'ब्रोकन हार्ट' या नावाने हा सगळा पट एका प्रेमकथेत कोंबला. त्या मानाने जपानी नाव अधिक प्रामाणिक आहे. ते केवळ आकार सांगते, कारण सांगत नाही.

नावांचा विषय निघाला म्हणून सांगतो, हृदयाच्या डॉक्टरांइतकी उपमांची हौस इतर कोणत्या व्यवसायाला असेल असे वाटत नाही. सुश्रुतसंहितेत हृदयाला खाली तोंड केलेल्या कमळकळीची उपमा आहे. आधुनिक क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्यांनी ती परंपराच पुढे चालवली. एका जन्मजात विकारात हृदय लाकडी बुटासारखे दिसते, दुसऱ्यात दोरीला टांगलेल्या अंड्यासारखे, तिसऱ्यात बर्फाच्या बाहुल्यासारखे. हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साचले की ते पाण्याच्या बाटलीसारखे. आवरणाला क्षयाची बाधा होऊन ते पुढे चुन्यासारखे कडक झाले तर ते चिलखत. आणि हे चिलखत आपल्या देशात, जिथे क्षय अजून आहे, पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक वेळा भेटते. या उपमानांवरून ती कोणी आणि कुठे दिली हे सांगता येते. बर्फाचा बाहुला चंद्रपूरला सुचणार नाही. आईंनी ज्या सहजतेने मडक्याची सुरई केली, तीत उपमेचा एक साधा नियम होता : उपमान ऐकणाऱ्याच्या घरातले असावे.

लाकडी बुटाच्या विकाराची कथा आणखी बोलकी आहे. १८८८ साली फालो या फ्रेंच डॉक्टरने त्याचे चार दोष एकत्र मांडले, म्हणून त्याला फालोचे चतुष्टय म्हणतात. हृदयाच्या दोन भागांमधील पडद्याला छिद्र असते आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. त्यामुळे अशुद्ध रक्त अंगभर फिरते आणि ओठ, नखे निळसर होतात. या मुलांची एक ठळक खूण अशी की ती थोडे चालली, खेळली की उकिडवी बसतात. कोणी शिकवलेले नसते. उकिडवे बसल्याने पायांकडील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, पुढच्या वाटेवरचा दाब वाढतो आणि अधिक रक्त फुप्फुसाकडे वळते. मुलाला बरे वाटते. बाल्टिमोरमध्ये १९४४ साली या मुलांवर पहिली शस्त्रक्रिया झाली. हेलन टॉसिग यांची कल्पना, ब्लॅलॉक यांचा हात आणि व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाची प्रयोगशाळेतील मेहनत तिच्यामागे होती. थॉमस यांच्या श्रेयाचा उल्लेख व्हायला पुढे अनेक वर्षे लागली. खुर्चीवर बसणाऱ्या त्या समाजात उकिडवे बसलेले मूल लगेच डोळ्यांत भरते. आपल्या खेड्यात सगळेच उकिडवे बसतात. अंगणात, पारावर, बसथांब्यावर. तिथे एक मूल वारंवार उकिडवे बसते हे कोणाच्या लक्षात यावे? जी खूण दुसरीकडे ठळक, ती इथे रूढीत बुडून जाते. वाचनातही असे होते, हे आमच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

हृदय उजवीकडे असणे हा आणखी एक विरळा प्रकार. आठ-दहा हजारांत एखाद्याच्या शरीरातील सर्व अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात : हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे. बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो आणि अनेकांना ते उतारवयापर्यंत कळतही नाही. संकट येते ते दुखणे आल्यावर. हृदयाची कळ उजवीकडे उठते आणि ऐकणारा ती मनावर घेत नाही. मोलिएरने १६६६ साली एका प्रहसनात बळेच वैद्य बनवलेल्या लाकूडतोड्याकडून नेमकी हीच उलटापालट करवली आणि प्रेक्षकांना हसवले. ह. ना. आपट्यांनी ते प्रहसन 'मारून मुटकून वैद्यबुवा' या नावाने मराठीत आणले. उजवीकडे हृदय म्हणजे अज्ञानाचा कळस, असे मानणाऱ्या त्या विनोदाला अपवाद असणारी माणसे तेव्हाही हिंडत-फिरत होतीच.

इथवरचे विकार कोठेही भेटतील. परंतु नागपूरचा म्हणावा असा हृदयाचा एक तिढा आहे, आणि तो आम्हांला वर्गात भेटला. गडचिरोलीकडील एक विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात होता. पावसाळा लागला की चार-चार दिवस गैरहजर. विचारले तर म्हणे, "सर, हाडं फुटतात." वर्गात त्यावर हसूही झाले. त्याच्या छातीत लहानपणी डॉक्टरांना 'आवाज' ऐकू आला होता, सांधे दुखत होतेच, आणि क्ष-किरणात हृदय मोठे दिसत होते. सांधे आणि हृदय यांना एकत्र गाठणारा संधिवाताचा ताप आपल्याकडे गोरगरिबांच्या मुलांना होतो. त्याने झडपा अरुंद होतात. तेच निदान करून एका दवाखान्यात त्याला काही वर्षे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले जात होते. पुढे दुसरीकडे रक्ताची वेगळी तपासणी झाली तेव्हा कळले की झडपा धडधाकट आहेत. आजार रक्ताचा आहे : सिकलसेल. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, हाडांत खरोखर फुटल्यासारख्या वेदना होतात. रक्त कायमचे कमी असल्याने हृदयाला दुप्पट कष्ट पडतात, ते मोठे होते, आणि वेगाने वाहणाऱ्या पातळ रक्ताचा आवाज झडपेच्या आजारासारखा ऐकू येतो. हृदय आजाराचे घर नसते. दूरच्या आजाराचा प्रतिध्वनी तिथे उमटत असतो.

या फसगतीला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. १९०४ साली शिकागोत ग्रेनाडा बेटावरून आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा दंतवैद्यकाचा विद्यार्थी रुग्णालयात दाखल झाला. त्याची तक्रार धाप लागण्याची आणि छाती धडधडण्याची होती. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या, आणि जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्या जगापुढे मांडल्या. त्याच हेरिकनी १९१२ साली, हृदयाची वाहिनी गुठळीने बंद झाली तरी माणूस लगेच मरतोच असे नाही, जिवंतपणी हे ओळखता येते, असे दाखवून दिले. आपण आज ज्याला हार्ट अटॅक म्हणतो त्याची आधुनिक ओळख तिथून रूढ होत गेली. एकाच माणसाने दोन्ही दारे उघडली. भारतात हा रक्तदोष १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला, आणि १९५८ साली शुक्ला व सोलंकी यांनी मध्य भारतातील, नागपूरकडच्या रुग्णांविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. २०२३ साली केंद्र सरकारने त्याच्या उच्चाटनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. विदर्भातील दलित आणि आदिवासी वस्त्यांना त्याआधी किती काळ 'हाडं फुटतात' हे वाक्य नुसते म्हणत राहावे लागले, याचा हिशेब कोणत्या वाङ्मयेतिहासात मांडावा हे आम्हांला कळत नाही. तो विद्यार्थी आज शिक्षक आहे आणि नियमित गोळ्या घेतो.

मराठीत हृदयरोगाचे लेखन नाही असे नाही. नागपूरच्याच मेडिकलमध्ये शिकलेल्या डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' घरोघरी वाचले गेले, आणि आजार हा आत्मशोधाचा प्रसंग कसा होतो हे त्याने एका पिढीला दाखवले. पण तो आजार सर्वांच्या परिचयाचा आहे आणि सांगणारा स्वतः डॉक्टर. त्याला आपल्या छातीतील घडामोडींची परिभाषा येते. विरळ्या आजाराच्या माणसाजवळ परिभाषा नसते. त्याच्याजवळ वाक्प्रचार असतात. काळजावर कोणी बसले आहे, हाडे फुटत आहेत, जीव खाली जात आहे. नवविवाहित मुलगी 'दम लागतो' म्हणते आणि सासरी तिला अशक्त किंवा आळशी ठरवतात; मग गरोदरपणी, अंगातील रक्ताचे प्रमाण जवळपास निम्म्याने वाढते तेव्हा, लहानपणीच अरुंद झालेल्या झडपेचा पत्ता लागतो. तोवर तिचे वाक्य कोणीही मुख्यार्थाने ऐकलेले नसते.

आमच्या विद्येचा कल मुख्यार्थ ओलांडून पलीकडे जाण्याकडे आहे, आणि तसा तो असायलाही हवा. पण मम्मटाची पहिली अट आम्ही आता जरा रेंगाळून शिकवतो. लक्षणेकडे जाण्याआधी मुख्यार्थाला बाध आलाच आहे का, हे तपासावे लागते. ती तपासणी म्हणजे अर्थनिर्णयाचे कर्तव्य आहे, निव्वळ औपचारिकता नव्हे. सिस्टरनी 'बोट लावून दाखवा' म्हटले तेव्हा त्या हेच करत होत्या. मात्र डॉक्टरांनीही तेवढ्यावर थांबू नये असे आम्हांला वाटते. आईंच्या वाक्यात अभिधा होती आणि त्याच वेळी लक्षणाही होती. हृदयाचा स्नायू सुन्न झाला होता आणि नवरा गेला होता. ज्या तरुण डॉक्टरने दोन्ही ऐकले आणि 'हो, त्यामुळंच झालं असावं' म्हटले, त्याने काव्यशास्त्र वाचले नसावे, पण त्याला वाक्य पुरते कळले.

भवभूतीला वैदर्भीय मानतात. त्याचे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर, असे नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखवले. 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात त्याचा राम आपल्या हृदयाची जी अवस्था सांगतो ती पूर्ण भंगण्याची नाही; तडा जाऊनही दुभंगून न जाण्याची आहे. टीकाकारांनी तिला करुणरसाचा उत्कर्ष म्हटले आहे. आमच्या पुढील सत्रात तो अंक शिकवायला आहे. आम्ही तो शिकवू तेव्हा प्रथम विद्यार्थ्यांना विचारणार आहोत की हे वर्णन अक्षरशः खरे असू शकेल का, आणि उत्तर देण्यासाठी त्यांना पुरेसा वेळ देणार आहोत.